बारा महिने, पण कुणाचे?

प्रश्न : आईच्या लहान आतड्यात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं स्रवणाऱ्या पेशींची गाठ) निघाला, यकृतातही गाठी आहेत. रिपोर्टमध्ये ग्रेड २, केआय-६७ पाच टक्के असं लिहिलंय. तिचा चेहरा लालबुंद होतो, जुलाब होतात. असा आजार दूरवर पसरला की १२ महिने उरतात, असं वाचलं. डॉक्टर मात्र ‘हळू वाढणारा’ म्हणतात. खरं काय?

उत्तर : १२ महिन्यांचा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या आईंना लागू करू नका. अमेरिकेतल्या ‘सीअर’ या कर्करोग नोंदणीचं विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यातला तो आहे. दूरवर पसरलेल्या सर्व अवयवांच्या, सर्व ग्रेडच्या गाठी त्यात एकत्र मोजल्या आहेत. ग्रेड १ आणि २ च्या, लहान आतड्यातून सुरू होऊन दूर पसरलेल्या गाठी वेगळ्या काढल्या, तर तिथेच मध्यक १०३ महिने निघतो. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले.

केआय-६७ म्हणजे गाठीतल्या विभागत असलेल्या पेशींची टक्केवारी. ती तीनपेक्षा कमी असेल तर ग्रेड १, ३ ते २० म्हणजे २ आणि वीसच्या वर ३. रिपोर्टमध्ये ‘वेल डिफरन्शिएटेड’ (पेशी मूळ पेशींसारख्या दिसणाऱ्या) हे शब्द आहेत का, तेही पाहा. ‘पुअरली डिफरन्शिएटेड’ असेल तर तो वेगळाच, झपाट्याने वाढणारा आजार असतो.

गाठीतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे ही लक्षणं दिसतात: चेहरा लाल होतो तो प्रामुख्याने टॅकिकायनिनसारख्या द्रव्यांमुळे, जुलाब होतात ते मुख्यतः सेरोटोनिनमुळे. आतड्यातून निघालेली ही द्रव्यं यकृत मोडून टाकतं. यकृतातल्या गाठींचा स्राव मात्र थेट रक्तात मिसळतो. म्हणजे हे लक्षण गाठ कुठे आहे ते सांगतं, ती किती वेगाने वाढतेय ते नाही. मात्र हाच स्राव हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड करतो, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्याच. हे बऱ्याचदा राहून जातं. ऑक्ट्रिओटाइड (दीर्घ परिणामाचं, २० ते ३० मिलिग्रॅम) किंवा लॅनरिओटाइड (१२० मिलिग्रॅम) दर चार आठवड्यांनी दिलं की लक्षणं आटोक्यात येतात, वाढही मंदावते. या इंजेक्शनांमुळे पित्ताशयात खडे होऊ शकतात. पुढे आजार वाढला आणि डोटाटेट पेट स्कॅनमध्ये (या गाठींना चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेली तपासणी) गाठी उजळत असतील, तर ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाच्या साधारण चार मात्रा, आठ-आठ आठवड्यांनी, हा पर्याय राहतो. कुठलीही शस्त्रक्रिया असो, भूलतज्ज्ञांना आधी कल्पना द्या. भुलीत रक्तदाब अचानक कोसळू शकतो.

प्रश्न : माझं क्रोमोग्रॅनिन-ए (अशा गाठींमध्ये वाढणारं रक्तातलं प्रथिन) वाढलेलं आलं. मी रोज पँटोप्राझोल घेतो. ही गाठच समजायची का?

उत्तर : नाही. आम्ल कमी करणारी ही औषधंच तो आकडा वाढवतात. मूत्रपिंडाचा विकारही वाढवतो. डॉक्टरांना विचारून दोन आठवडे गोळी बंद ठेवून तपासणी पुन्हा करा. गॅस्ट्रिनोमाची (जठरातलं आम्ल खूप वाढवणाऱ्या गाठीची) शंका असेल तर मात्र परस्पर बंद करू नका, कारण अल्सर फुटू शकतो. कार्सिनॉइडची (सेरोटोनिन स्रवणाऱ्या गाठीची) शंका असल्यास २४ तासांच्या लघवीतलं फाइव्ह-एचआयएए (सेरोटोनिन मोडून तयार होणारं द्रव्य) अधिक उपयोगी. आधीचे तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड टाळा, नाहीतर तोही आकडा फसवा येईल.