जुनी कॅम्पर घेतलीस, काम निघालं? आधी पत्रा बघ

भाऊ, झोपायची सोय असलेली जुनी कॅम्पर व्हॅन घेतलीस नि काम निघालं म्हणून खचू नको. पण पलंग-पडद्यांना आत्ता हात लावू नको. आधी खालची मॅट उचल, स्क्रू-ड्रायव्हरनं पत्रा टोचून बघ. टोक आत गेलं की पत्रा गंजलाय समज, तिथं नुसता रंग चालत नाही, वेल्डिंगच लागतं. मी आधी फर्निचर केलं आणि गंजापायी सगळं उखडलं. लई जीवावर आलं होतं.

मग रेडिएटर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची जाळी. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२च्या पुढं, त्यात कन्नड-चाळीसगावचा घाट, इंजिन तापतंच! इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघड. पाण्यावर तेलाची साय दिसली तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या सीलचा) संशय धर, गाडी चालवत नेऊ नको, मिस्त्रीलाच घरी बोलव.

आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) नोंदणीची १५ वर्षं कधी भरतात, आतले बदल आरटीओत नोंदलेत का, तेही या आठवड्यातच बघून घे.