सरपंचाने स्वतःची जमीन पवनचक्की कंपनीला भाड्याने दिली आणि ना-हरकत ठरावही त्याच्याच सहीने गेला. पद जाईल का?

फक्त जमीन भाड्याने दिली म्हणून सहसा जाणार नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधील कलम 14(1)(ग) नुसार सदस्य अपात्र ठरतो तो पंचायतीच्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात त्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर. कंपनीशी झालेला खाजगी भाडेपट्टा त्यात थेट बसत नाही. ही मला कायद्यातली मोठी फट वाटते, कारण ज्याच्या खात्यावर भाडं जमा होतं तोच गावाच्या वतीने सही करतो. मात्र पवनचक्कीपर्यंतचा रस्ता पंचायतीने केला आणि ते काम त्याच्याच भागीदारीतल्या फर्मला मिळालं, तर चित्र बदलतं. तसं असेल तर त्याला अपात्र ठरवण्यासाठी याच अधिनियमाच्या कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

आधी कागद गोळा करा:
- सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना
- दुय्यम निबंधकाकडून भाडेपट्ट्याची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा. वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो, त्यामुळे तारीख लपत नाही.
- माहिती अधिकारातून ठरावाच्या सभेचं इतिवृत्त

पट्टा ठरावाच्या आधीचा निघाला, तर ग्रामसभेत तो वाचून दाखवा आणि फेरठरावाची मागणी लेखी द्या.