यकृतात सापडली तरी गाठ आतड्याचीच

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

प्रश्न: डॉक्टरबाई, नमस्कार. आमची निपाणीजवळ तंबाखूची शेती आहे. आप्पांचं वय ६१. गेल्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूची, सिग्मॉइडची गाठ काढली, नंतर सहा महिने केमो झाली. आता रक्तातला सीईए (कॅन्सर परतला का ते बघायची खूण) वाढला म्हणून सीटी केला, तर लिव्हरमध्ये दोन गाठी निघाल्या. हा दुसरा कॅन्सर म्हणायचा का? गावात लोक म्हणतात, लिव्हरचं दुखणं म्हणजे माणूस पीत असणार. आप्पांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. मी नेटवर वाचलं की लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठीत जीन आणि मायक्रोआरएनए वेगळे असतात. एक लॅबवाला रक्तातून मायक्रोआरएनएची तपासणी १८ हजारांत करून देतो म्हणतोय. करू का? – एक मुलगा, निपाणी

उत्तर: पैशांचं आधी सांगते. करू नकोस. ते १८ हजार बाजूला ठेव, दुसऱ्या तपासणीला लागतील. (तुला ‘तू’ म्हणते, माझा नातू तुझ्याएवढा आहे.)

आता गावकऱ्यांचं. आप्पांच्या लिव्हरमधली गाठ लिव्हरची नाहीच. मी पस्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, असे तुकडे शेकड्यांनी पाहिले. काचेवर बघितलं की आतड्याच्या पेशी तशाच उभ्या, नळ्या नळ्या करून बसलेल्या दिसतात आणि त्या नळ्यांच्या पोकळीत मेलेल्या पेशींचा कचरा साचलेला असतो. पत्ता बदलला तरी घरातली मांडणी तीच. शंका आलीच तर आम्ही सीके२० आणि सीडीएक्स२ हे रंग लावतो, आतड्याच्या पेशी सहसा ते घेतात. तेव्हा पारावर कोणी विचारलं तर सांग, दारूचा इथं संबंध नाही. गाठ आतड्याची आहे, नुसती राहायला तिकडं गेलीय.

तिकडंच का, तर आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेतून ते आधी यकृतात येतं. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा वाटेतले ओढे पोटात घेत नविलुतीर्थच्या धरणाला येऊन अडते, तसं. गाठीतून सुटलेली पेशी या प्रवाहात आली की पहिला गाळ इथंच बसतो. गुदाशयाच्या अगदी खालच्या टोकाचं बरंचसं रक्त मात्र दुसऱ्या वाटेनं जातं. म्हणून तिथली गाठ कधीकधी यकृत चुकवून सरळ फुफ्फुसात दिसते. म्हादई बघ की, तीही खानापूरच्याच रानात उगवते, पण जाते गोव्याला.

पण नुसता प्रवाह म्हणून भागत नाही. सुटलेल्या पेशींतल्या बहुतेक वाटेतच मरतात. तंबाखूवाल्याच्या मुलाला हे वेगळं समजवायला नको. बी धुळीसारखं बारीक, चिमटीत हजारो दाणे, त्यातली तग धरणारी रोपं किती? स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननं १८८९ साली हेच लिहून ठेवलं, की बी आणि जमीन दोन्ही बघा.

तू वाचलेला अभ्यास याच प्रश्नाच्या मागे आहे. आतड्यातली गाठ आणि तिचीच यकृतातली फांदी शेजारी ठेवून बघतात, वाटेत काय बदललं ते. गंमत अशी की जीनमधले मोठे बिघाड बहुतेक तेच सापडतात. एपीसी, केआरएएस, टीपी५३ ही नावं तुला रिपोर्टात भेटतील. ते बिघाड मूळ गाठीतच झालेले असतात आणि पेशींबरोबर यकृतात येतात. ‘हा बिघाड झाला की गाठ यकृतात जाते’ असा एक नेमका जीन हाती लागलेला नाही. फरक दिसतो तो कुठला जीन किती बोलतो यात. एक्स्प्रेशन म्हणतात ते हेच.

मायक्रोआरएनए म्हणजे काय, हे मी लग्नघरातली आचाऱ्याची खोली समोर आणून सांगते. जीन म्हणजे आजीची पाककृतीची वही, ती कपाटातून बाहेर येत नाही. वहीतून चिठ्ठी उतरवली जाते, ती आचाऱ्याकडे जाते आणि पदार्थ, म्हणजे प्रथिन, तयार होतं. मायक्रोआरएनए स्वतः काही रांधत नाही. ती दारात उभी असलेली आत्या. चिठ्ठी बघते, म्हणते ‘पुरे आता’, आणि चिठ्ठी फाडते किंवा दाबून ठेवते. अंगानं अगदी लहान, साधारण २२ अक्षरांची. एक आत्या शंभर चिठ्ठ्या अडवू शकते आणि एकाच चिठ्ठीवर चार आत्यांचा डोळा असू शकतो, म्हणून हा हिशोब सरळ लागत नाही. पहिली आत्या सापडली १९९३ साली, एका मिलिमीटरभर किड्यात. त्या कामाबद्दल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. तोवर माझ्या निवृत्तीलाही बरीच वर्षं झाली होती.

मायक्रोआरएनएंना नावं नाहीत, नंबर असतात. आतड्याच्या गाठीत २१ नंबरची आत्या वाढलेली असते. ती ज्या चिठ्ठ्या दाबते त्यांत पीटेन आणि पीडीसीडी४ आहेत. ही पेशींची ब्रेकं. ब्रेकच्या चिठ्ठ्या फाटल्या की गाडी उतारावर सुटणारच. २०० नंबरचं घराणं याच्या उलट स्वभावाचं, ते पेशींना एकमेकींना धरून ठेवायला मदत करतं. गाठीच्या पुढच्या, आत घुसणाऱ्या कडेला हे घराणं कमी पडलेलं दिसतं आणि पेशी हात सोडून एकेकट्या निघतात. यकृतात पोचल्यावर ते पुन्हा वर आलेलं काही अभ्यासांत दिसलं. म्हणजे निघताना संसार मोडला आणि मुक्कामाला जाऊन परत थाटला. मला हे फार विचार करायला लावतं. एकच रेणू ‘कमी’ हेही खरं आणि ‘जास्त’ हेही खरं, तुकडा प्रवासातल्या कुठल्या टप्प्याला घेतला त्यावर.

इथंच मी लॅबवाल्याला अडवते.

एकदा एक विद्यार्थी उत्साहानं यादी घेऊन आला. यकृतातल्या गाठीत १२२ नंबरचा मायक्रोआरएनए प्रचंड वाढलाय, हाच पसरण्याचा गुन्हेगार, असं त्याचं म्हणणं. म्हटलं, काच आण. बघते तर तुकड्याच्या एका कोपऱ्यात गाठच नव्हती, निरोगी यकृत होतं. १२२ नंबर हा यकृताच्या पेशींचा घरचा माणूस, तिथं तो खच्चून भरलेला असतो. पोरानं कॅन्सर मोजलाच नव्हता, शेजार मोजला होता. बिचारा इतका खट्टू झाला की मी त्याला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला. अशीच गोष्ट १४३ आणि १४५ नंबरांची. आतड्याच्या गाठीत हे कमी होतात, म्हणून कित्येक वर्षं त्यांना कॅन्सर रोखणारे समजत होते. नंतर कळलं की ते मुख्यतः आतड्याच्या स्नायूंत आणि आधाराच्या पेशींत असतात. गाठीच्या तुकड्यात स्नायू कमी, म्हणून आकडा कमी. ‘वाढलं’, ‘घटलं’ असं कुठं वाचलंस की आधी विचारायचं, तुकड्यात कोणाकोणाच्या पेशी होत्या?

रक्तात तर आणखी घोटाळा. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातले मायक्रोआरएनए रक्तद्रवात सांडतात आणि आकडे बदलतात. निपाणीत सुई टोचून नळी दोन दिवसांनी कुठल्यातरी शहरात पोचणार, वाटेतल्या उन्हाची जबाबदारी कोण घेणार? शिवाय २१ नंबर नुसत्या दाहानंही वाढतो आणि इतर कॅन्सरमध्येही वाढतो. समजा रिपोर्टात वाढलेला आला, तर आप्पांचा कुठला डोस बदलणार? एकही नाही. मायक्रोआरएनएचं औषध करायचेही प्रयत्न झाले. ३४ नंबरची नक्कल शिरेतून द्यायची चाचणी २०१६ साली थांबवावी लागली, कारण रोगप्रतिकारशक्ती उलटून रुग्णांना गंभीर त्रास झाला. संशोधन चालू राहावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचा खर्च तंबाखूच्या पट्टीतून नको.

मग ते १८ हजार कशाला? केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ हे तीन जीन आणि एमएसआय (डीएनएतल्या चुका दुरुस्त होत नसल्याची खूण), ही चार नावं कागदावर लिहून कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे ठेव. आप्पांची गाठ डाव्या बाजूची. आरएएसचे दोन्ही जीन आणि बीआरएएफ शाबूत असतील तर केमोबरोबर सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब चालू शकतं. आरएएस बिघडलेला असेल, आणि केआरएएस साधारण शंभरात चाळीस जणांचा बिघडलेला असतो, तर ती महागडी इंजेक्शनं वाया जातात. एमएसआय ‘हाय’ आलं तर औषधाची वाटच बदलते, मग इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडायचा, विचार होतो.

यासाठी लिव्हरमध्ये पुन्हा सुई घालायची बहुधा गरज नसते. गेल्या वर्षी काढलेल्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, त्या पॅथॉलॉजीत ठेवलेला असेल. मूळ गाठ आणि यकृतातली फांदी यांचा केआरएएस बहुतेक वेळा जुळतो. गाठी दोनच आहेत, म्हणजे यकृताच्या सर्जननं बघायलाच हव्यात. कापून काढता येण्यासारख्या असतील तर आधी सुई टोचून पेशी वाटेत सांडायचा धोका का घ्या? आप्पांना सर्जनकडे नेताना नुसता रिपोर्ट नेऊ नकोस, सीटीची सीडी ने.

ब्लॉक मागायचा लेखी अर्ज देऊन, आणि घेतला की पोच द्यायची. उन्हात गाडीत ठेवायचा नाही, मेण आहे ते. एका गृहस्थांनी माझ्याकडे कुंदा मिठाईच्या रिकाम्या डब्यातून ब्लॉक आणला होता. डबा उघडला तेव्हा मी क्षणभर खूष झाले होते.

प्रश्न: माझ्या आईला ४४ व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला, ती गेली. आता मामालाही तोच निघालाय, त्यांचं वय ५२, आणि तो लिव्हरमध्ये पसरलाय. आजी गर्भपिशवीच्या कॅन्सरनं गेली होती. मामांच्या रिपोर्टात ‘जीनमध्ये बदल’ असं आहे. म्हणजे आमच्या जीनमध्येही आहे का? दुसरं म्हणजे, माझ्या धाकट्या भावाला मामाची मुलगी करायचं घरात ठरत आलंय. – एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

गाठीत सापडलेला बदल आणि जन्मतः मिळालेला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या पत्रातल्या आप्पांच्या गाठीत केआरएएस बिघडला असला, तरी तो त्या गाठीपुरताच, मुलाला तो वारशात मिळत नाही. घाबरून नातेवाईक ‘आमचाही केआरएएस बघा’ म्हणत येतात, त्यांना मी परत पाठवायची.

तुमच्या घरची गोष्ट निराळी दिसते. आजी, आई, मामा, असे एका रक्ताचे तिघं, दोन पिढ्या आणि त्यातलं एक पन्नाशीच्या आतलं. गर्भपिशवी आणि आतडं ही जोडी ऐकली की आमच्या लोकांचे कान टवकारतात. लिंच सिंड्रोम नावाची आनुवंशिक गोष्ट यात असू शकते. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेतला एखादा जीन जन्मतःच अधू असतो. आतड्याच्या सगळ्या कॅन्सरांत हे शंभरात तीनेक, पण ज्या घरात असतं तिथं पिढ्यान् पिढ्या हिंडतं.

सुरुवात मामांपासून करा, तुमच्यापासून नाही. त्यांच्या ब्लॉकवर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या दुरुस्तीच्या प्रथिनांसाठी चार रंग लावतात. एखादा उमटला नाही तर पुढं रक्तातून जीन बघायचा. मामांना याचा स्वतःसाठीही उपयोग आहे, कारण अशा गाठींवर इम्युनोथेरपी चांगली चालते. मामांच्या रक्तात नेमका बदल सापडला की मग तुम्ही, तुमच्या भावानं आणि मामांच्या मुलांनी तेवढा एकच बदल शोधायचा. आईकडे तो असेल तर तुम्हा भावंडांपैकी प्रत्येकाला मिळायची शक्यता निम्मी. ज्याच्याकडे निघेल त्यानं विशी-पंचविशीपासून वर्षा-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करायची. कंटाळवाणं काम आहे, पण मोड येताच खुडता येतो.

आता लग्नाचं. आपल्याकडे मामाची मुलगी करणं घराघरात आहे, माझ्या सख्ख्या जावेचंही तसंच झालं, आणि मी त्यावर नाक मुरडणारी बाई नाही. पण इथं थांबा. भावाकडे आणि त्या मुलीकडे तोच बदल असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्हीकडून अधू जीन मिळायची शक्यता चारात एक. अशा मुलांना शाळेच्या वयातच मेंदूचे, रक्ताचे, आतड्याचे कॅन्सर होऊ शकतात. दोघांची तपासणी होईपर्यंत सुपारी फोडू नका. दोघांपैकी एकाकडे जरी बदल नसला, तरी हा दुहेरी धोका टळतो. मोठ्या माणसांना सांगायला अवघड जात असेल तर हे पान त्यांच्यापुढं ठेवा, बोल मला लागू दे. माझं वय झालंय, मला चालतं.

प्रश्न: यजमानांच्या लिव्हरचा निम्म्याहून जास्त भाग काढणार म्हणतात. उरलेल्यावर माणूस कसा जगेल? आणि लिव्हर साफ व्हायला कडू काढा देऊ का? – एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर: निरोगी यकृताचा पाव ते तिसरा हिस्सा राहिला तरी काम चालतं आणि पुढच्या आठवड्या-महिन्यांत ते वाढून भरून निघतं. पण आधी केमो बरीच झाली असेल तर यकृत थकलेलं असतं, तेव्हा जास्त भाग राखावा लागतो. केमोतल्या ऑक्सॅलिप्लॅटिननं त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, इरिनोटेकॅननं चरबी साठू शकते. उरणारा भाग सीटीवर मोजून घेतात. तो किती टक्के येतो, हे सर्जनना विचारा.

काढा नको. त्यात काय काय आहे हे काढा देणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं, आणि थकलेल्या यकृताला ते सगळं निस्तरावं लागतं. आधीच देत असाल तर ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना सांगा, रागावले तरी सांगा. यजमानांना पेज द्या, मऊ भात-आमटी द्या, अंडं चालत असेल तर अंडं द्या.