एका कन्सोलमागे किती गेम्स?

प्रश्न : माझ्या मित्रांमध्ये निन्टेंडो, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स अशा तिन्ही कन्सोल्सचे, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्रांचे, चाहते आहेत. कोणत्या कन्सोलचे मालक जास्त गेम विकत घेतात यावर वाद सुरू झाला की प्रत्येक जण ‘टाय रेशो’चा, म्हणजे एका कन्सोलमागे विकल्या गेलेल्या गेम्सचा, वेगळाच आकडा पुढे करतो. निन्टेंडोचा ‘वी’ लोकांनी एक गेम खेळून कपाटात ठेवून दिला, हे विधान तर नेहमीच ऐकू येते. प्रतिस्पर्धी कन्सोलच्या मालकांची अशी तुलना खरोखर करता येते का?

उत्तर : करता येते, परंतु दोन्ही आकडे कन्सोलच्या एकाच वयाचे असतील आणि एकाच पद्धतीने मोजलेले असतील, तरच. आपल्या मित्रांच्या वादात या दोन्ही अटी बहुधा पाळल्या जात नसाव्यात. टाय रेशो काढणे अगदी सोपे आहे. आजवर विकल्या गेलेल्या एकूण गेम्सना आजवर विकल्या गेलेल्या एकूण कन्सोल्सनी भागायचे. या सोपेपणामुळेच आकडा पटकन तोंडावर फेकला जातो आणि त्याच्या पोटात काय दडले आहे हे पाहायचे राहून जाते.

आधी वयाचा मुद्दा घेऊ. मार्च २०१८अखेर, म्हणजे निन्टेंडो स्विच बाजारात येऊन जेमतेम वर्ष झाले असताना, १ कोटी ७८ लाख स्विच आणि सुमारे ६ कोटी ९० लाख गेम्स विकले गेले होते, म्हणजे टाय रेशो ३.९ होता. मार्च २०२४अखेर स्विचची संख्या १४ कोटी १३ लाखांवर आणि गेम्सची संख्या सुमारे १२३ कोटी ५८ लाखांवर पोहोचली, तेव्हा तोच टाय रेशो ८.७ झाला. कन्सोल तेच, कंपनी तीच, फक्त मधली सहा वर्षे मालकांना खरेदीसाठी मिळाली. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५मध्ये आला, तर वी आणि प्लेस्टेशन ३ त्यानंतर बरोबर वर्षभराने आले. त्यामुळे त्या पिढीतल्या कोणत्याही एका तारखेला तिघांचे आकडे शेजारी ठेवले, तर एक्सबॉक्सच्या मालकांना मिळालेले जादा वर्ष त्या तुलनेत गुपचूप मोजले जाते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे नव्या ग्राहकांची लाट. समजा, एका कंपनीचे १ कोटी कन्सोल्स आणि ८ कोटी गेम्स विकले गेले आहेत आणि टाय रेशो ८ आहे. आता कंपनीने किंमत उतरवली, सुटीच्या हंगामात २० लाख नवे ग्राहक आले आणि प्रत्येकाने सुरुवातीला दोनच गेम्स घेतले. जुन्या मालकांची खरेदी क्षणभर बाजूला ठेवली, तर १ कोटी २० लाख कन्सोल्समागे ८ कोटी ४० लाख गेम्स होतात आणि टाय रेशो ७वर घसरतो. एकाही मालकाने गेम घेणे थांबवलेले नसते, उलट कंपनीचा हंगाम उत्तम गेलेला असतो, आणि तरीही चाहत्यांच्या वादात हा आकडा पीछेहाटीचा पुरावा ठरतो. उलटपक्षी ज्या कन्सोलकडे नवे ग्राहक फिरकत नाहीत, त्याचा टाय रेशो उरलेल्या निष्ठावंतांच्या खरेदीमुळे दिमाखात वाढत राहतो.

आता ‘वी’कडे वळू, कारण त्याच्यावरचा आरोप तपासता येण्याजोगा आहे. निन्टेंडोच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार १० कोटी १६ लाख वी आणि ९२ कोटी १८ लाख गेम्स विकले गेले, म्हणजे टाय रेशो ९.१. मात्र जपानसारखे अपवाद वगळता सुरुवातीची अनेक वर्षे ‘वी स्पोर्ट्स’ हा गेम कन्सोलच्या खोक्यातच येत असे आणि निन्टेंडो असे जोडून दिलेले गेम्सही विक्रीत धरते. ‘वी स्पोर्ट्स’च्या ८ कोटी २९ लाख प्रती पूर्णपणे वजा केल्या, तर टाय रेशो सव्वाआठच्या आसपास येतो. रिमोटसोबत मिळणाऱ्या ‘वी प्ले’च्या २ कोटी ८० लाख प्रतीही काढल्या, तर तो आठच्या किंचित खाली जातो. ही वजाबाकी मुद्दामच कठोर केली आहे, कारण ‘वी स्पोर्ट्स’च्या काही प्रती जपानमध्ये सुट्याही विकल्या गेल्या होत्या. निन्टेंडोच्याच आधीच्या गेमक्यूबचा टाय रेशो ९.६ होता. तेव्हा वीच्या मालकांनी त्या मानाने कमी गेम्स घेतले, एवढे म्हणणे न्याय्य आहे. मात्र सरासरी आठ गेम्स विकत घेतलेला कन्सोल कपाटात पडून होता, हे म्हणणे न्याय्य नाही.

तरीही सरासरी म्हणजे नमुनेदार मालक नव्हे, हे ध्यानात ठेवावे. दहा मालकांपैकी दोघांनी प्रत्येकी तीस आणि उरलेल्या आठांनी प्रत्येकी चार गेम्स घेतले, तर सरासरी ९.२ येते आणि नऊ गेम्स घेतलेला माणूस त्या दहांत शोधूनही सापडत नाही. कपाटात कन्सोल ठेवून देणारे लोक होते की नाही, याचे उत्तर टाय रेशो देऊच शकत नाही.

प्रश्न : हातात धरून खेळायच्या कन्सोल्सचा टाय रेशो नेहमीच कमी का दिसतो? त्यांचे मालक खरोखरच कमी खेळतात का?

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. गेम बॉयचा टाय रेशो सुमारे ४.२, गेम बॉय ॲडव्हान्सचा ४.६ आणि निन्टेंडो डीएसचा ६.२ होता. यावरून खेळण्याच्या आवडीबद्दल निष्कर्ष काढण्यापूर्वी भागाकारातल्या खालच्या संख्येकडे पाहावे, कारण ती कन्सोल्सची संख्या आहे, माणसांची नव्हे. टीव्हीला जोडलेला एक कन्सोल सारे घर वापरते आणि त्या घराची सगळी खरेदी त्या एकाच कन्सोलच्या खात्यावर जमा होते. हातातला कन्सोल मात्र बहुधा ज्याचा त्याचा असतो. शिवाय डीएसनंतर डीएस लाइट, मग डीएसआय अशा आवृत्त्या येत गेल्या. ज्याने या तिन्ही घेतल्या, तो तीन कन्सोल्स म्हणून मोजला गेला, पण त्याचे जुने गेम्स नव्या कन्सोलवरही चालत असल्यामुळे ते त्याला पुन्हा घ्यावे लागले नाहीत. त्यातच डीएसवर कार्डांच्या साहाय्याने नकली प्रती चालवण्याचा उपद्रव मोठा होता, आणि नकली प्रत विक्रीत येत नाही. दुकानात परत विकलेला व दुसऱ्याने घेतलेला जुना गेमही येत नाही, मग कन्सोल कोणताही असो.

स्विचच्या बाबतीत एक अधिक चांगली मोजणी शक्य आहे आणि मला स्वतःला तीच सर्वांत विश्वासार्ह वाटते. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात स्विचचे सुमारे २० कोटी गेम्स विकले गेले आणि वर्षभरात स्विचवर खेळलेल्यांची संख्या निन्टेंडोने १२ कोटींहून अधिक सांगितली होती. म्हणजे खेळणाऱ्या माणसामागे वर्षाला दीडेक गेम. आयुष्यभराच्या बेरजेपेक्षा हा आकडा मालकाच्या सवयीच्या कितीतरी जवळ जातो.

प्रश्न : टाय रेशो जास्त म्हणजे ती कंपनी जिंकली, असे समजावे का?

उत्तर : नाही. प्लेस्टेशन २चे १५ कोटी ५० लाखांहून अधिक कन्सोल्स आणि दीडशे कोटींहून अधिक गेम्स विकले गेले, म्हणजे टाय रेशो सुमारे १०. गेमक्यूबचा ९.६ त्याच्या अगदी शेजारी बसतो, पण त्याच्या गेम्सची एकूण विक्री २० कोटी ८६ लाखांवर थांबली. गेम बनवणाऱ्या स्वतंत्र कंपनीला हा सातपटींचा फरक दिसतो, टाय रेशोमधला दशांशाचा फरक दिसत नाही. कन्सोल कंपनीलाही प्रत्येक विकल्या गेलेल्या गेममागे स्वामित्वशुल्क मिळत असल्याने तिचेही लक्ष बेरजेवर असते.

त्याआधीच्या पिढीत मात्र टाय रेशो आणि एकूण विक्री या दोन्हींचा कौल एकच होता. पहिल्या प्लेस्टेशनचा टाय रेशो सुमारे ९.४ आणि निन्टेंडो ६४चा ६.८ होता. प्लेस्टेशनला जवळपास दीड वर्ष आधीची सुरुवात मिळाली हे खरे, पण मुख्य कारण मला माध्यमाचे वाटते. सीडी स्वस्तात छापता येई, तर निन्टेंडो ६४ची कार्ट्रिज बनवणे महाग होते, तिच्यात जागाही कमी होती. त्यामुळे गेम महाग झाले आणि अनेक निर्माते प्लेस्टेशनकडे गेले. ‘फायनल फँटसी’ ही मालिका १९९७मध्ये गेली ती याच कारणाने. मालकांनी कमी गेम्स घेतले, कारण घेण्याजोगे गेम्स कमी होते आणि ते महाग होते.

आजच्या पिढीत अशी स्वच्छ तुलना करणे दुरापास्त होत चालले आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५पासून एक्सबॉक्सच्या विक्रीची संख्या जाहीर करणे थांबवले, आणि २०१७मध्ये आलेल्या गेम पास या वर्गणी भरून गेम्स खेळायच्या सेवेचा वर्गणीदार वर्षभरात वीस गेम्स खेळला तरी त्यातला एकही ‘विकला’ गेलेला नसतो. तेव्हा यापुढे कोणी एक्सबॉक्सचा ताजा टाय रेशो सांगितला, तर त्यातल्या कन्सोल्सची संख्या कोठून घेतली, हे आधी विचारावे.