बटण हातात आहे, म्हणूनच दाबू नका

लातूरच्या एका तरुणाचं पत्र आलंय. मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी त्याने अ‍ॅप करून दिलं. शेतकऱ्याला सौद्यातला भाव आणि त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, मोबाईलवर दिसते. ठरले २,४०,००० रुपये, मिळाले ८०,०००. सगळं तोंडी. सोयाबीनचा अख्खा हंगाम अ‍ॅपवर निघाला. आता शेठ म्हणतात, 'आधी सोर्स कोड (अ‍ॅपचा मूळ प्रोग्राम) दे, मग बाकीचं बघू. नाहीतर फसवणुकीची तक्रार देतो.' सर्व्हर आणि प्ले स्टोअरचं खातं या पठ्ठ्याच्याच नावावर आहे. त्याचा प्रश्न: 'सर, सर्व्हर बंद करून टाकू का?'

नका करू. राग समजतो, पण सर्व्हर तुमच्या नावावर असला तरी आतल्या पट्ट्या दुकानाच्या आहेत. त्या अडवल्या किंवा पुसल्या, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तक्रार करायला शेठना आयती जागा मिळेल. कलम ६६मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. तक्रार टिकेल न टिकेल, तोवर ठाण्याच्या चकरा तुम्हालाच. सर्व्हरचं भाडं खिशातून भरणं जड जात असेल, तर महिनाभराची लेखी मुदत द्या, डेटाची प्रत त्यांच्या हवाली करा आणि पोच घ्या. फसवणुकीच्या धमकीने घाबरू नका. फसवायचा हेतू सुरुवातीपासून होता, हे दाखवावं लागतं. ज्याने हंगामभर अ‍ॅप चालवून दिलं, त्याच्याबाबत ते कसं दाखवणार?

आता कोड. डेटा त्यांचा, कोड तुमचा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रोग्रामला साहित्यकृतीत धरतो आणि पहिला मालक लिहिणारा. नोकरीत लिहिलं असेल तर मालक कंपनी. पण तुम्ही शेठच्या पगारावर नव्हता, काम अंगावर घेतलं होतं. 'पैसे मी दिले म्हणजे कोड माझा' हे यार्डातच नाही, चांगल्या शिकलेल्या लोकांतही ऐकतो. मालकी द्यायची तर तुमच्या सहीचा लेख लागतो. कलम १९ तसं स्पष्ट सांगतं. तो तुम्ही दिलेला नाही.

हिशेब मिटला तरी मालकी देऊ नका, वापराचा लेखी परवाना द्या, असं माझं मत. उद्या शेजारच्या आडतीने हेच अ‍ॅप मागितलं तर? अगदीच विकायचं झालं तर दर वेगळा लावा आणि मुदत व प्रदेश लिहा. नाही लिहिलं तर कायदा पाच वर्षं आणि भारत एवढंच धरतो. प्ले स्टोअरवरचं अ‍ॅप त्यांच्या खात्यात हलवता येतं, वापरणारे आणि रेटिंगसकट. पण ते पैसे आल्यावर.

पैशांचं बघू. बँकेच्या कर्जासाठी तुम्ही हे काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली होती, असं पत्रात ओझरतं लिहिलंय. अहो, तेच तर हत्यार आहे! एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा, २००६ प्रमाणे मुदत ठरलेली नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी ठरवली तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम स्वीकारलं असंच धरतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज केला की प्रकरण सुकरता परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद मिटवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जातं. निकाल विरोधात गेला आणि शेठना कोर्टात जायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. दिवाणी दाव्याचा रस्ताही आहे, काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत.

या सगळ्याआधी एक काम. तुम्ही अजून बिलच दिलेलं नाही! जीएसटी नंबर नाही म्हणून दिलं नाही म्हणता. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधं बिल चालतं. आजच करा, त्यावर उद्यम क्रमांक टाका आणि स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत नोटीस.

आणि शेठचा तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, 'अ‍ॅप मस्त झालंय, येळवस झाली की बाकी देतो' (येळवस म्हणजे वेळ अमावस्या), लाखमोलाचा आहे. त्यातच काम पसंत पडल्याची आणि बाकी असल्याची कबुली आली. तो कोर्टात वाचायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागेल. त्याचा मसुदा वकील करून देतील. तोवर तो फोन विकू नका, रिसेटही मारू नका.