आज्जीची नानकटाई आणि “ओळखलंस का?”

“सासूबाईंना विस्मरण होतंय. सगळं गणगोत जमणार आहे. चारचौघांत त्यांचं काही चुकलं तर?”

हा प्रश्न घेऊन मंगळवार पेठेतल्या एका घरची थोरली सून समुपदेशनाला आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) निमित्त होतं सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणजे वय साधारण 80 वर्षं 10 महिने. पुणे, इचलकरंजी, बेळगाव इथून सव्वीस माणसं येणार होती. नातवंडांचा हट्ट होता की हॉल नको, माईक नको, सगळ्यांनी मिळून आज्जीची नानकटाई करायची. दिवाळीआधी मैदा, साखर, डालडा घेऊन पेठेतल्या बेकरीत जायचं आणि भट्टीपाशी उभं राहून आपल्या देखत नानकटाईचे पत्रे (ट्रे) भाजून घ्यायचे, हा या आज्जींचा नेम. त्या कामात त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा असायचा.

नणंदेला हे पटत नव्हतं. “वैनी, आईला आता गप बसू द्या की. एवढ्या वयात कामाला लावता?”

दोघींच्या बोलण्यात भीती एकच होती, आईची फजिती होईल ही. सून ती बोलून दाखवत होती आणि नणंद रागावत होती, एवढाच फरक.

कार्यक्रमाचं बोलण्याआधी डॉक्टरांकडं पाठवलं. “वय झालं की विसरणारच” म्हणून हा टप्पा टाळू नये. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं यांनीही विस्मरणासारखं चित्र दिसतं. आणि दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर लघवीतला जंतुसंसर्गसुद्धा कारण असू शकतो. या आज्जींचं निदान सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशाचं निघालं.

अशा आजारात नुकतं घडलेलं आणि माणसांची नावं आधी पुसट होतात. कामाचा क्रमही लवकर तुटतो. आधी तूप, मग साखर, मग मैदा ही साखळी मनात धरणं जड जातं. पण वर्षानुवर्षं हातानं केलेली एकेक कृती पुष्कळदा बराच काळ टिकते. म्हणून “आज्जी, नानकटाई कर” म्हटलं की त्या घाबरणार, आणि तेच पीठ हातात दिलं की गोळा आपोआप वळला जाणार. क्रम आपण सांभाळायचा, हात त्यांचा. सगळा सल्ला खरं तर याच एका गोष्टीभोवती होता.

दुसरी अडचण प्रमाणाची. विचारलं की आज्जी म्हणायच्या, “अंदाजानं घालायचं.” सुनेनं तीनदा करून पाहिली, तिन्ही वेळा बिघडली. पहिल्यांदा तूप पातळ केलेलं, म्हणून नानकटाई पुरीसारखी पसरली. दुसऱ्यांदा पीठ चपातीसारखं मळलं, ती दगड झाली. तिसऱ्यांदा सोडा चमचाभर पडला, रंग लालसर आणि चव कडवट.

मग एक साधी युक्ती सुचवली. आज्जींना काही विचारायचं नाही. तुपाचा डबा काट्यावर ठेवायचा, त्यांना हवं तेवढं घेऊ द्यायचं आणि डब्याचं वजन किती उतरलं ते लिहायचं. साखर आणि मैद्याचंही तसंच. आठवड्याच्या अंतरानं तीन सकाळी हे केलं. तूप 140, 165 आणि 150 ग्रॅम भरलं. अंदाज म्हणतात तो इतका नेमका होता. शेवटी वहीत उतरलं ते असं: मैदा 200 ग्रॅम, बेसन 50, बारीक रवा 25, थिजलेलं पण मऊ साजूक तूप 150, पिठीसाखर 125, पाव चमचा सोडा, पाच-सहा वेलदोड्यांची पूड. तूप-साखर पांढरट, हलकी होईपर्यंत आठ-दहा मिनिटं फेसायची. पीठ फक्त गोळा होण्यापुरतं एकत्र करायचं. 20 ग्रॅमचा एक गोळा धरला तर सत्तावीसेक होतात. उन्हाळ्यात गोळे पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचे. ओव्हन 160 अंशांवर आधी तापवून 18 ते 20 मिनिटं भाजायची. बाहेर काढताना ती मऊच लागते, निवली की खुसखुशीत होते. कच्ची वाटून परत आत ठेवली की करपलीच.

कार्यक्रम सकाळी दहाला ठेवायला सांगितला. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी अस्वस्थता वाढण्याचा संभव असतो. स्वयंपाकघरात एका वेळी चारच माणसं, बाकीची सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत. टीव्ही बंद. आज्जींना नेहमीची परात, नेहमीची बैठक. एका वेळी एकच सूचना, तीही शक्यतो करून दाखवून. गोळा वाकडा झाला तरी तो त्यांच्यासमोर कुणी सरळ करायचा नाही. आणि “ओळखलंस का?” हे दोन शब्द घरात बंद. तो प्रश्न प्रेमानं विचारला जातो, पण विस्मरण झालेल्या माणसासाठी ती परीक्षा असते आणि नापास होणं सगळ्यांदेखत. जवळ जाऊन आपणच सांगायचं, “आज्जी, मी बेळगावची, तुमच्या धाकट्याची थोरली.”

एवढं सांगूनही एकानं विचारलंच. पुण्याहून आलेल्या नातवानं खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “सांग बघू मी कोण?” आज्जींनी परात लोटली आणि उठून गेल्या. सून मागं धावणार होती, नणंदेनं थांबवलं. नणंदच वीस मिनिटं माजघरात आज्जींजवळ नुसती बसली, समजूत घातली नाही. मग वेलदोड्यांची वाटी आणि खलबत्ता समोर ठेवला. कुटता कुटता आज्जी आपणहून म्हणाल्या, “पीठ वाळलं आसंल.” आणि परत आल्या.

“तूप घातलं का?” हे त्यांनी दहा-बारा वेळा विचारलं. “मघाशीच सांगितलं की” असं कुणी म्हटलं नाही. दर वेळी वाटी दाखवून “घातलं, बघा,” एवढंच. तासाभरात त्यांनी चाळीसवर गोळे वळले आणि प्रत्येकावर अंगठा दाबून चारोळी बसवली. मग हात धुतले. आणखी करूया म्हणून कुणी आग्रह केला नाही, हे फार बरं झालं. दमलेल्या मेंदूला पाच मिनिटांचा आग्रहही जड होतो.

पंधरा दिवसांनी दोघी एकत्र आल्या. आता दर गुरुवारी सकाळी नणंद माहेरी येते, सून पीठ तयार ठेवते आणि आज्जी सहा गोळे वळतात. एखाद्या गुरुवारी दोनच होतात. नणंदेचा या वेळचा प्रश्न होता, आई मधेच गोळे वळायचं थांबून नुसतं पीठ चोळत बसते, तेव्हा थांबवायचं का?

थांबवू नका. चोळू द्या. त्या पिठाची नानकटाई कडक होईल, ती चहात बुडवून खा.