10 मिनिटांत 51 सूर्यनमस्कार घालतो, तरी तरतरी वाटत नाही आणि मनगटं दुखतात. आकडा वाढवू का?

वाढवू नका, कमी करा. उद्यापासून बारा.

10 मिनिटांत 51 म्हणजे एका नमस्काराला बारा सेकंदही नाहीत. हात वर नेताना, पाय मागे टाकताना, भुजंगासनात (पालथं राहून छाती वर उचलताना), पाय पुढे आणताना आणि शेवटी उठताना असे पाच वेळा श्वास घ्यायचे असतात, आणि मधल्या प्रत्येक स्थितीत सोडायचे. बारा सेकंदांत हे बसत नाही. मग माणूस श्वास कोंडून उठाबशा काढतो, धाप लागते आणि दुपारी जांभया येतात. एका नमस्काराला साधारण अर्धा मिनिट द्या.

आता मनगटं. खरी गोम साष्टांगात, म्हणजे आठ अंगं जमिनीला टेकवायच्या स्थितीत आहे, आणि 108 नमस्कार घालणारे नेमकी तीच गाळतात. दरवर्षी रथसप्तमीला कुठल्याही गच्चीवर बघा: दंडस्थितीतून (तळवे आणि चवड्यांवर अंग फळीसारखं सरळ) माणूस थेट पालथा पडतो, पोट जमिनीला, कोपरं बाहेर फाकलेली. सगळं वजन तळव्याच्या मनगटाकडच्या कडेवर आदळतं. मग तिथूनच हातांनी रेटून छाती वर काढतात, त्याला भुजंगासन म्हणतात, आणि कंबर धरली की दोष सूर्यनमस्कारांना.

नीट असं: तळवे खांद्याइतक्या अंतरावर, मधलं बोट सरळ पुढे, तर्जनी आणि अंगठ्याचं मूळ जमिनीत दाबलेलं. कोपरं बरगड्यांना घासत मागे. आधी गुडघे टेकवा, मग छाती दोन तळव्यांच्या मधोमध, मग कपाळ. बूड वर, पोट अधांतरी. दोन चवडे, दोन गुडघे, दोन तळवे, छाती, कपाळ: झाली आठ अंगं. पोटाचा त्यात नंबर नाही. पोटाखालून कुणाचा तरी हात आरपार गेला पाहिजे. इथे श्वास सोडलेला असतो. भुजंगासनात तो घेत छाती पुढे सरकवून वर न्यायची, कोपरं किंचित वाकलेली, खांदे कानांपासून लांब. तेव्हा काम पाठीचं होतं, मनगटाचं नाही.

दुसरी चोरी पाय पुढे आणताना. पाऊल दोन तळव्यांच्या मध्ये पोचत नाही, म्हणून लोक तळवा उचलतात किंवा घोटा धरून पाय ओढतात. पर्वतासनात (तळवे-पावलं जमिनीवर, कंबर उंच) कंबर पुरेशी वर नसते, म्हणून हे होतं. तळवे एकदा टेकले की शेवटच्या हस्तपादासनापर्यंत (उभं राहून वाकून तळवे पावलांशी) हलवायचे नाहीत. जमत नसेल तर मागचा गुडघा आधी टेका, मग पाय आणा. एका नमस्कारात उजवा पाय मागे, पुढच्यात डावा. एवढं सगळे जाणतात, पण घाईत विसरतात.

स्थिती दहा की बारा, यावर भांडू नका. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी हा व्यायाम घराघरांत नेला, त्यांच्या 1938 साली लंडनला निघालेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच दहा आहेत. आज वर्गात बारा शिकवतात. मोजण्यातला फरक आहे. बारा नमस्कारांना मात्र आधार आहे: मित्र, रवि, सूर्य, भानु असं करत भास्करापर्यंत सूर्याची बारा नावं, एकेका नावाला एक. नाव सावकाश उच्चारलं की वेगाला आपोआप लगाम बसतो. आणि 108 ची फुशारकी मारणाऱ्यांना एवढंच विचारा की रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी किती घातले. नमस्कारांनंतर म्हणतात त्या श्लोकातही आयुष्य, बळ, तेज हे फळ रोज घालणाऱ्यांना सांगितलंय, वर्षातून एकदा घालणाऱ्यांना नाही.

बारा सहज जमले, शेवटच्या नमस्कारातही नाकानंच श्वास चालला, की दर आठवड्याला दोन वाढवा. 25 च्या पुढे जायची गरज नोकरदार माणसाला मला तरी दिसत नाही. पैलवानांचं गणित निराळं.

हो, आणि पोट रिकामं हवं. जेवणानंतर चार तास जाऊ द्या. हर्निया, मणक्यातली सरकलेली गादी, काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मनगटाला सूज असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर आठवडाभर तळव्यांवर वजनच घेऊ नका. उभ्या स्थिती तेवढ्या करा.